फॉरमॅट मारण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून माझ्याकडे येणारी बरीच मशीन्स चांगली चालणारी, फक्त विंडोज ११ च्या अटींत न बसणारी असतात. त्यांना मी लिनक्स मिंट सुचवतो. टॅलीवर धंदा असलेल्यांना मात्र नाही. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. शिवाय जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, त्यामुळे तिथे प्रयोग नको.

फॉरमॅट मारायची वेळ आली की ‘सगळं डी ड्राइव्हला आहे, सी उडवा,’ असं लोक बिनधास्त सांगतात. पण डेस्कटॉपवर दिसणारं सगळं बहुतेकदा सी ड्राइव्हमध्येच असतं. म्हणून मी आधी ग्राहकाला शेजारी बसवतो आणि एकेक फोल्डर उघडून दाखवतो. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की लिहून घेतो. तिच्याशिवाय ती डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडत नाही. पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीची फाइल त्यावर जातच नाही. लग्नाचे व्हिडिओ हमखास इथे अडकतात.

मराठी फायलींचं दुखणं याहून खोल आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात वेगळ्याच अक्षरांची चिन्हं. देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. फाइल पूर्ण कॉपी होते, उघडतेही, पण फॉन्ट नसेल तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. प्रश्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, पत्रिकांचे मजकूर अशा कितीतरी फायली या भागात पडून आहेत. जुनं मशीन चालू आहे तोवरच त्यांच्या पीडीएफ करून घ्याव्यात, मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीत. हे काम वेळखाऊ आहे. तरी ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण एरवी माणूस समजतो की लिखाण सुरक्षित आहे.

सगळ्या फायलींच्या दोन प्रती कराव्यात, आणि दुसरी वेगळ्या घरी ठेवावी. २६ जुलै २००५ चा आणि जुलै २०१९ चा पूर पाहिलेल्या बदलापूरकरांना कारण सांगायला नको.

शक्य तिथे मी नवी एसएसडी घालतो आणि जुनी डिस्क काढून, तिच्यावर तारीख लिहून, मालकाच्या हातात देतो. ती लगेच कोरी करू नका. शाळेची एक परीक्षा, दुकानाचं एक विवरणपत्र नव्या मशीनवरून पार पडेपर्यंत तरी कपाटात राहू द्या.