दुर्बीण आणि ओळंबा

दूरचे जवळ दिसू लागले म्हणजे ते हाती आलेच, असा एक गोड समज मनुष्यमात्रास असतो. शिकलेल्यांत तो अंमळ अधिकच. या समजाचे निरसन करणारा गुरू आम्हांस ग्रंथांत नव्हे, तर बंदुकीवर बसवावयाच्या दुर्बिणीत भेटला.

आमचे मूळ घर साताऱ्याचे. अध्यापनाच्या निमित्ताने वास्तव्य सांगलीस. घरोघर शिपाई असलेले अपशिंगे गाव सातारा जिल्ह्यातलेच. त्यामुळे वर्गात शेक्सपिअर ऐकून पुढे पलटणीत गेलेले विद्यार्थी आमच्या ओळखीत पुष्कळ. त्यांतील एक रजेवर आला असता आम्ही सहज विचारले, "दुर्बिणीने नेम सोपा होत असेल, नाही?" तो हसून म्हणाला, "सर, ती नीट बसविली तर!"

मग त्याने ते बसविणे समजावून दिले. मान न अवघडता बंदूक खांद्याला लावावी आणि दृश्याचे वर्तुळ काठोकाठ भरेपर्यंत दुर्बीण मागेपुढे सरकवावी. डोळा व काच यांत 3-4 इंच अंतर राहावे. नाहीतर बंदुकीच्या धक्क्याने भुवई फुटते. नंतर बंदूक समतल धरून, दूर टांगलेल्या गवंड्याच्या ओळंब्याशी दुर्बिणीतील उभी रेघ जुळवावी. कड्यांचे स्क्रू आळीपाळीने, थोडथोडेच आवळावे. कारण जुळविलेली दुर्बीण कलते ती बहुधा आवळतानाच.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? गोळी जाता जाता खाली येते; म्हणून लांबच्या लक्ष्यासाठी नेम वर उचलावा लागतो. तो 100 इंच उचलावयाचा असेल आणि रेघेस अवघा 3 अंशांचा कल असेल, तर गोळी सुमारे 5 इंच बाजूस जाते. ओसरीवर हा कल कोणाच्या ध्यानीही येत नाही. रणांगणी मात्र शत्रू आणि त्याच्या आडून डोकावणारे निरपराध पोर यांत कधी कधी तेवढेही अंतर नसते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सेनेसाठी निवडक ली-एनफील्ड बंदुकांवर हॉलंड अँड हॉलंड या कारखान्याने दुर्बिणी बसविल्या. प्रत्येक दुर्बिणीचा क्रमांक तिच्या बंदुकीच्या दस्त्यावर उमटविलेला असे. एकीची दुर्बीण दुसरीस चालत नसे. उलट, शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, ते दुर्बिणीवाचून, बारीक छिद्राच्या दर्शिकेतून. सरळपणा आधी साधला, तर मोठे दिसण्यावाचूनही भागते!

आम्हां अध्यापकांचा धंदा तरी दुसरा कोणता? मिल, स्पेन्सर यांच्या भिंगांतून दूरचे जग आम्ही मुलांस दाखवितो. भिंगे उत्तमच आहेत. परंतु ज्याच्या खांद्यावर ती बसवावयाची, त्याची मान, त्याची जमीन, त्याचा ओळंबा पाहण्यास वेळ लागतो, आणि वेळापत्रकात त्यासाठी तास नसतो. तो काढावा लागतो. कारण आमच्या वर्गातील 3 अंशांचा कल कोठे जाऊन लागेल, हे पाहावयास आम्ही तेथे असणार नाही.