दिंडोरीचे पाणी आणि दोन युद्धनौका

दिंडोरी तालुक्याला समुद्र नाही. तो पाहायचा तर सह्याद्री उतरावा लागतो. तरीही पावसाळ्यात तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरावर उभे राहिले, की पायाखालचे पाणी दोन वाटांनी दोन समुद्रांकडे निघालेले असते. पूर्वेच्या उताराचे पाणी कादवेत येते. ते करंजवण आणि पालखेडच्या धरणांत अडते, कालव्यांनी द्राक्षबागांत फिरते, आणि उरलेले नांदूरमधमेश्वरापाशी गोदावरीला मिळून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. याच तालुक्यातल्या आंबेगावजवळच्या डोंगरात दमणगंगा उगम पावते. ती मात्र पश्चिमेची वाट धरते आणि दमणपाशी अरबी समुद्राला मिळते. एकाच ढगातले दोन थेंब बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे पडले, तर त्यांची पुन्हा गाठ पडणे कठीण!

1971 च्या डिसेंबरात या दोन्ही समुद्रांवर लढाई चालू होती. बंगालच्या उपसागरात ‘विक्रांत’ ही आपली विमानवाहू नौका होती. तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला असूनही तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारची बंदरे झोडपून काढली. अरबी समुद्रात ‘खुकरी’ ही लहान नौका पाणबुडीच्या शोधात फिरत होती. 9 डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला. काही मिनिटांत नौका बुडाली. 18 अधिकारी आणि 176 खलाशी तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौका सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. स्वातंत्र्यानंतर युद्धात गमावलेली आपल्या नौदलाची ही एकच नौका.

या दोन नौका सध्या आमच्या ओसरीवर आहेत. थोरल्या भावाच्या मुलाने त्या केल्या आहेत, त्यातली एक अजून पुरी व्हायची आहे. या छंदाची सुरुवात दिवाळीच्या किल्ल्यापासून झाली. सिंधुदुर्ग केला म्हणजे भोवती पाणी हवे, पाणी आले म्हणजे गलबत हवे. किल्ल्याची माती पावसाने वाहून गेली, गलबताचा नाद मात्र राहिला.

मापाची गोष्ट शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगावी लागत नाही. मोजणीचा नकाशा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. कागदावरचे बोटभर अंतर म्हणजे शेतातली एवढी काठी, हा हिशेब इथेही तोच. पुतण्याने दोन मीटरला एक सेंटिमीटर असे प्रमाण धरले. ‘विक्रांत’ 213 मीटर लांब, म्हणजे नमुना साडेतीन फुटांचा. ‘खुकरी’ सुमारे 94 मीटर, म्हणजे जेमतेम दीड फूट, रुंदीला पाच सेंटिमीटर. तिच्यावर उभा राहिलेला खलाशी या मापात हरभऱ्याच्या दाण्याएवढा होतो. असे 194 दाणे एकदा त्याने ताटलीत मोजून ठेवले होते. घरातले सगळे बघून गेले, कोणी काही बोलले नाही.

सामानासाठी शहरात जावे लागले नाही. नौकेच्या पोटाला सुताराकडून पांगाऱ्याच्या फळ्या आणल्या. हे लाकूड हलके आणि मऊ. प्रत्येक फळी त्या त्या उंचीवरच्या आकारात कापायची, एकावर एक चिकटवायची आणि मग पायऱ्या कानशीने घासून गोल करायच्या. भेगांत लांबी भरून पॉलिश पेपर फिरवला, की नाळ आणि बूड खरे दिसू लागते. वरच्या खोल्या द्राक्षाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या, डोलकाठी छत्रीच्या काडीची, तोफांच्या नळ्या सुयांच्या. कठड्याची तार जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगमधून निघाली. या तालुक्यात जळालेल्या मोटारींना तोटा नाही! लाकूडकाम पावसाळ्यात झाले, रंगाला मात्र दिवाळीनंतर हात घातला. दमट हवेत रंग वाळत नाही आणि चिकट राहिलेल्या रंगावर धूळ बसते.

सर्वांत खाली तांबडा रंग, पाण्याच्या रेषेवर काळा पट्टा, वर करडा. इथवर काम झाले तेव्हा नौका सुबक दिसत होती, पण ती बाजारातल्या खेळण्यासारखी. खरी नौका मीठ, ऊन आणि धूर खाल्लेली असते. ते जुनेपण नमुन्यावर चढवणे हे या कलेतले अर्धे काम आहे, आणि आमच्या मते अवघड अर्धे तेच.

ते पाहण्यासाठी त्याला मुंबईला नेले. दिंडोरीहून नाशिक पंचवीसेक किलोमीटर, पुढे नाशिकरोडहून रेल्वे. कसारा घाट उतरला की अंगाला हवा चिकटू लागते. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलो. लेणी पाहण्यासारखी आहेतच, पण आमचे लक्ष वाटेवरच्या करड्या नौकांकडे. नौदलाच्या आवाराचे फोटो काढू नयेत, डोळ्यांनी पाहून घ्यावे. मुलाने वहीत नुसत्या रेघा काढल्या, आणि परतताना त्या रेघांनीच आम्हाला पुष्कळ काही शिकवले.

गंज सगळीकडे नसतो. नांगराची साखळी ज्या भोकातून बाहेर येते, त्याच्या खाली तांबूस ओघळ असतो. डेकवरचे पाणी ज्या तोंडांतून बाहेर पडते, त्यांच्या खाली असतो. ओघळ नेहमी वरून खाली, पावसाच्या वाटेने. हे पाहिल्यावर ध्यानात आले, की आपल्या घराच्या पत्र्याला खिळ्याच्या भोकाखाली असाच ओघळ आलेला असतो. लोखंडी टाकीच्या ओव्हरफ्लोखाली असतो, ट्रॉलीच्या फाळक्याच्या बिजागरीखाली असतो. पाण्याच्या रेषेवर मिठाचा पांढुरका थर दिसतो. ठिबकच्या नळीवर ड्रिपरपाशी क्षार साचतात, त्यातलाच तो प्रकार. पितळेवर चढणारा हिरवा रंग मोरचुदाच्या फवाऱ्याचा जुना पंप पाहिलेल्याला नवा नाही. समुद्र न पाहिलेल्या घरातही ही नजर तयार असते, तिचा उपयोग करायचे तेवढे सुचावे लागते.

घरी आल्यावर पोराने जुन्या नांगराच्या फाळाचा गंज खरवडून कुटला, फडक्याने गाळला आणि पातळ डिंकात कालवला. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरची काजळी धुराड्याच्या तोंडाशी बोटाने लावली. गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पार पाणचट करून कोपऱ्यांत सोडला आणि फडक्याने वरून खाली पुसला. भेगांत राहिला तेवढा रंग खरा. शेवटी चमक मारणारे पातळ व्हार्निश दिले. चमकणारी युद्धनौका दीड फुटाच्या मापात खोटी दिसते.

या कामात हात आवरणे सर्वांत कठीण. एकदा गंज साधू लागला की मुले नौकेला गंजाने न्हाऊ घालतात. आमच्याकडेही ‘खुकरी’ चार दिवसांत भंगारात निघाल्यासारखी झाली. तेव्हा नौदलातून निवृत्त होऊन गावाकडे शेती करणारे एक गृहस्थ सहज आले होते. त्यांनी नौका हातात घेऊन बराच वेळ पाहिली. चालत्या नौकेवर खलाशांना उसंत नसते, असे ते म्हणाले. गंजाचे पापुद्रे हातोडीने उडवायचे, अस्तर लावायचे, रंग द्यायचा, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले टोक पुन्हा रंगाला आलेले असते. एवढा गंज दाखवणे म्हणजे त्या पोरांनी काम केले नाही असे म्हणण्यासारखे आहे.

हा शब्द मुलाला लागला. त्याने सगळा गंज पुसून काढला आणि आधी तारीख ठरवली. आमच्या मते हीच या छंदातली पहिली पायरी असायला हवी. नौका कोणत्या दिवशीची करायची? ‘विक्रांत’ला अनेक दिवस आहेत. 1961 साली बेलफास्टला नौदलात दाखल झाली ती नवी कोरी, 1971 ची युद्धात राबलेली, 1997 साली निवृत्त झालेली. 2001 पासून 2012 पर्यंत ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि 2014 च्या अखेरीस दारूखान्यात तिच्यावर गॅसचे कटर चालले. यातल्या प्रत्येक दिवसाचा गंज वेगळा. मुंबईत लायन गेटजवळ तिच्याच धातूचे 2016 सालचे स्मारक आहे, ते आम्ही पाहिले. तिचा काही धातू ‘बजाज व्ही’ या मोटारसायकलीतही गेला. गावच्या पारावर अशी मोटारसायकल उभी दिसली, तर टाकीवर हात ठेवून पाहावा. विक्रांतचे नाव पुढे चालवणारी नवी नौका 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीला दाखल झाली.

‘खुकरी’ला मात्र म्हातारपण नाही. तिचा शेवटचा दिवस ठरलेला आहे. 1958 साली सेवेत आलेली, म्हणजे तेराच वर्षांची. युद्धाच्या दिवसांत समुद्रात फिरलेली, म्हणून पाण्याच्या रेषेवर मीठ हवे, नांगराखाली एक बारीक ओघळ चालेल, आणि करड्या रंगावर किंचित वेगळ्या करड्या रंगाची ठिगळे हवीत, घाईने रंगवलेली. त्यापुढे काही नको.

दोन वर्षांपूर्वी सोमनाथ-द्वारकेच्या यात्रेला गेलो असता आमची बस दीवला थांबली होती. तिथे समुद्राकडे तोंड करून एका टेकाडावर खुकरीचे स्मारक आहे, आणि काचेच्या घरात तिचा नमुना ठेवलेला आहे. यात्रेकरूंतल्या बायका आधी लांबून पाहत होत्या. कोणीतरी 194 हा आकडा सांगितला, तेव्हा दोघी-तिघींनी देवळात करतात तसे हात जोडले. त्याच नावाची दुसरी नौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली. 1989 ते 2021 अशी सेवा करून तीही आता दीवलाच संग्रहालय म्हणून आलेली आहे. सोमनाथला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून दीवला जरूर जावे. पहाटे निघाले तर त्याच दिवशी परतता येते.

ओसरीवरची खुकरी आता काचेच्या पेटीत आहे. काच मुंग्यांसाठी आणि फवारणीच्या दिवसांत उडणाऱ्या भुकटीसाठी लागतेच. ‘विक्रांत’चे डेक रंगवून झाले आहे. विमानांची चाके टेकतात तिथे काळपट आणि खरचटलेले, कडेला फिके. सध्या विमाने चालली आहेत. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ‘सी हॉक’ सहा सेंटिमीटरचे होते, ‘अलिझे’ सातचे. चार झाली आहेत. द्राक्षाची काढणी उरकेपर्यंत पाचव्याला हात लागणार नाही.