दारातला बार
मुलानं स्वयंपाकघराच्या दारात व्यायामाचा बार बसवला आणि नोकरीला पुण्याला निघून गेला. मग त्यावर माझे टॉवेल वाळू लागले.

गेल्या पावसाळ्यात सासूबाई न्हाणीत घसरल्या. मला काही त्यांना उचलता येईना. शेजारचे अण्णा येईपर्यंत त्या ओल्या फरशीवर तशाच बसून, अंगावर माझी साडी टाकलेली. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. तेच लागलं.

दुसऱ्या दिवशी टॉवेल काढले. बार ओढणं वेगळं, माणूस उचलणं वेगळं, कळतं की मलाही. पण घरात तेवढंच साधन होतं. शहापुरातलं जुनं घर, चौकट सागवानी, बार स्क्रूनं पक्का. नुसता दाबून अडकवलेला असता तर मी हात लावला नसता. पहिल्या दिवशी दहा सेकंद लोंबकळले, तळहात लालबुंद. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, स्टुलावरून वर हो आणि सावकाश खाली ये. उतरतानाही ताकद वाढते." दंडांपेक्षा पाठच जास्त दुखली, तेव्हा कळलं खरं ओढतं कोण.

आता पाच सेकंद लावून उतरते. स्टुलाशिवाय वर मात्र एकदाही गेले नाही अजून. सासूबाई खुर्चीत बसून आकडे मोजतात. परवा म्हणाल्या, "पदर खोच की गं आधी."