खुदकन आणि गालातल्या गालात

कथेत पात्राच्या रडण्यापेक्षा त्याचं हलकं हसू मी जास्त जपून लिहितो. माणूस का रडतो, हे वाचकाला बहुधा आधीच ठाऊक असतं. हलक्या हसण्याचं कारण मात्र पुष्कळदा त्या पात्रापाशीच असतं. त्यामुळे तिथला एकेक शब्द पारखून घ्यावा लागतो.

‘खुदकन’ घ्या. त्यातला ‘कन’ क्षणाचा आहे. पटकन, टपकन, चटकन या शब्दांतला. खुदकन येणारं हसू हसणाऱ्याच्याही नकळत निसटतं आणि तिथेच संपतं. तेच रेंगाळलं की ‘खुदुखुदु’ होतं. म्हणून ‘ती बराच वेळ खुदकन हसत राहिली’ हे वाक्य कानाला खटकतं. ‘गालातल्या गालात’ हसणारा मात्र जाणूनबुजून हसू दडवतो.

समजा, वाटणीची बैठक चालली आहे. थोरला म्हणतो, ‘‘विहिरीचं पाणी सगळ्यांचंच.’’ यावर धाकटी सून खुदकन हसली, तर सगळ्या माना तिच्याकडे वळतात आणि तिला जाब द्यावा लागतो. ती गालातल्या गालात हसली, तर बैठक पुढे चालू राहते. हिला काहीतरी ठाऊक आहे, एवढं फक्त वाचकाला कळतं. एका शब्दाने कथेची वाट बदलते. ‘फिदीफिदी’ लिहिलं, तर निवेदकाची तिच्यावरची नाराजीच उमटते.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याचे 6 प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. हसितात ते जरासे दिसतात. विहसितात मधुर आवाज उमटतो. हे नटासाठी सांगितलेलं, पण लेखकालाही फार मोलाचं आहे. हसणं आधी शरीरात दिसलं पाहिजे.

आणि ते कोणाला दिसलं, हेही पक्कं हवं. ‘मी मिश्कील हसलो’ हे वाक्य मला पटत नाही, कारण मिश्कीलपणा बघणाऱ्याला जाणवतो.

नव्याने लिहिणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: पात्राला हसवण्याआधी त्याचं कारण स्वतःशी ठरवा. ते वाचकाला उशिरा कळलं तरी चालेल. पण तुम्हालाच माहीत नसेल, तर ते हसू खोडून टाका.