खामकाठची डबी

जिओकॅशिंगचा खेळ दोन ओळींत सांगता येतो. एकाने डबी (खेळात तिला ‘कॅश’ म्हणतात) दडवायची, तिचे अक्षांश-रेखांश कळवायचे. दुसऱ्याने ती शोधून आतल्या कागदावर तारीख आणि सही टाकायची, डबी होती तिथेच ठेवायची. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि लगेच दुसऱ्या दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनच्या रानात एक बादली लपवली. माझा भाचा त्याच ओरेगॉनात वाढलेला. सुट्टीत आमच्याकडे आला आणि त्याने विचारलं, "मामा, इथे नदी आहे ना? काठाने खेळू."

नदी आहे. जटवाड्याच्या डोंगरांतून निघून हर्सूल तलाव, बेगमपुरा, पाणचक्की करत खाम शहराला वळसा घालते. एक काळ असा होता की तिच्या पुलावरून जाताना आम्ही नाकाला रुमाल लावत असू. अलीकडे महापालिका आणि छावणी परिषदेने लोखंडी पुलाजवळचा काठ साफ केला, झाडं लावली, पायवाट केली. आम्ही तिथूनच सुरुवात केली.

घरच्यापुरताच खेळ होता. डबी लोणच्याची, पारदर्शक, वर माझं नाव आणि मोबाइल नंबर. हा माझा हट्ट. आपल्याकडे बेवारस वस्तू दिसली की पोलिसांना फोन होतो, आणि होऊ द्यावा. परदेशातही अशा डब्यांपायी बॉम्बशोधक पथकं धावलेली आहेत. खेळाच्या नियमांतही जागेच्या मालकाची परवानगी लागते, आणि त्या परवानगीशिवाय खड्डा खणून डबी पुरायला मनाई आहे. पाण्याची लाइन, व्हॉल्व्ह, पंपघर यांच्या जागा पाहायला कितीही मोकळ्या असोत, त्या कुणाच्या तरी जबाबदारीच्या असतात. म्हणून मी काठावरच्या रखवालदाराला आधीच सांगून ठेवलं. तरी शिफ्ट बदलली आणि नव्या माणसाने हटकलंच, "काय हुडकायलेत साहेब?" लोणच्याची डबी म्हटल्यावर तो आमच्याबरोबर शोधायला लागला!

मोबाइलवर मिनिटाचा तिसरा दशांश बदलला की जागा जेमतेम दोन मीटर सरकते. कागदावर हे छान वाटतं. दाट झाडाखाली मात्र फोन पाच-सात मीटर इकडेतिकडे उड्या मारतो, मग शेवटचं काम डोळ्यांनीच करावं लागतं. उन्हात जरा वेगळा दिसणारा दगड, मुळाशी नको तेवढी नीट रचलेली पानं. भाच्याची नजर त्यात तयार होती.

त्याच नजरेने त्याने पाणचक्कीच्या बाजूला गेल्यावर झुडपातलं वीट-चुन्याचं एक बांधकाम हेरलं. कमरेएवढं उंच, वरून उघडं, आत सिमेंटचं रिकामं पोतं आणि वेफर्सची पाकिटं. "ही कुणाची कॅश?" मी म्हटलं, नहरीचं, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या जलवाहिनीचं, मॅनहोल असणार. १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच आमचं शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरने डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं, तेही निव्वळ उताराच्या जोरावर. पुढे थत्ते नहर आली, पाणचक्कीची नहर आली. वाटेत हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून अशी तोंडं ठेवलेली. पाणचक्कीत तिच्या नहरीचं पाणी भिंतीत वर चढतं आणि हौदात पडतं. त्याच्यावर जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांचं, विद्यार्थ्यांचं पीठ निघायचं.

त्यानंतर डबीत त्याचं मन लागेना. मॅनहोल दिसलं की फोनमध्ये खूण करायची, दोन खुणांमधली रेघ पाहून पुढचं कुठे असेल ते ताडायचं. काही ठिकाणी अंदाज बरोबर निघाला. काही ठिकाणी आमची रेघ थेट कुणाच्या तरी पार्किंगमध्ये शिरली.

मला विचाराल तर आपल्या शहरात या खेळाचा बिनडबीचा प्रकारच खरा. जिओकॅशिंगमध्ये तो मान्य आहे: ठिकाणावर जायचं, पाहून प्रश्नाचं उत्तर द्यायचं. नहरीत डबीच काय, कागदाचा कपटाही टाकायला नको.

महापालिकेने नहरींच्या शिल्लक मॅनहोलांना क्रमांक द्यावेत आणि अक्षांश-रेखांशांसह नकाशा लोकांसाठी खुला करावा. पाया खणणाऱ्याला खाली काय आहे ते आधीच कळेल. आणि तुमच्या अंगणात, गल्लीत असं तोंड असेल तर निदान त्यात कचरा टाकू नका.