भिंतीला भिंत

पागडीच्या चाळीतलं उपद्रवी बिऱ्हाड हलता हलत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या सोळाव्या कलमात सोय तशी आहे: भाडेकरूचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव होत असेल तर मालकाला खोलीचा ताबा मागता येतो. मालकाला! झोप ज्याची उडते, त्याच्या हाती काहीच नाही.

आमच्या गिरगावातल्या चाळीत कोपऱ्याच्या खोलीतले गृहस्थ रात्री पिऊन आले की गॅलरीत उभे राहून अख्ख्या मजल्याचा उद्धार करत. लाउडस्पीकर असता तर रात्री दहाचा नियम दाखवता आला असता. यांचा गळाच तेवढा होता. पहाटे पाणी आलं की पहिली पिंपं त्यांची. पॅसेजमध्ये मोडका फ्रीज, गंजलेली सायकल, कुणाकुणाकडून आणलेल्या फळ्या. एकदा शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले पापड त्यांनी चादरीसकट जिन्यात भिरकावले. पोलीस एनसी लिहून घेत, दम देत. दम उतरायला फार वेळ लागत नसे.

शेवटी मालकाचा मेहता आला. ‘चार जणांनी कोर्टात येऊन सांगा, बाकी शेठ बघतील.’ लघुवाद न्यायालयात उपद्रव शाबीत करायचा तर शेजाऱ्यांच्या साक्षीवरच सगळी मदार. आणि इथे अख्खा मजला मुका झाला. सर्वांत जास्त तक्रारी केलेले नाना म्हणाले, ‘आज त्याची खोली, उद्या आपली. मालकाला ही वाट दाखवू नका.’

नानांची भीती पोकळ नव्हती. आमच्या भाड्यांचं मूळ १९४० सालच्या दरांत. १९४७ च्या कायद्याने ती तिथेच गोठवली. पुढे १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मुळातला आकडाच एवढासा की चार टक्क्यांनी त्याचं होणार काय? अशा भाड्याची खोली गिरगावात रिकामी मिळणं म्हणजे मालकाला घबाडच. काकूंच्या पापडांसाठी त्याचा जीव तुटत होता, असं कुणीही मानत नव्हतं.

तरी त्या एकजुटीत मला एक खोट दिसत राहिली. भाडेकरूंची एकी, मालकाचा कावा वगैरे जे जोरात बोलत होते, ते बहुतेक गॅलरीच्या दुसऱ्या टोकाचे. नानांची खोली तर जिन्याच्या पलीकडे. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या एकट्या काकू. तत्त्व सगळ्यांचं होतं. जागरण मात्र त्यांच्या एकटीच्या वाट्याला.

काकूंनी मेहताकडे साक्षीला आपलं नाव दिलं. मजल्यावर कुजबुज झाली, दोघींनी बोलणं टाकलं. नाना समजूत घालायला गेले, तेव्हा काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘नाव मागे घेते ना. फक्त आपण खोल्या बदलू या, नाना. माझी तुम्ही घ्या.’

नानांनी विषय पाण्याच्या वेळेवर नेला.