नासेखाव कुठं आलं?

नासेखाव, नामोषा, वायिन. तिन्ही वाशिम जिल्ह्यातली तालुक्याची गावं. ओळखीची वाटत नाहीत? सांगतो, सांगतो, मला तर कुणाला सांगू न् कुणाला नको असं झालंय!

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, एवढं इथं सगळ्यांना पाठ असतं. पण वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माच्या लोकांचा उल्लेख आहे आणि त्याच ग्रंथातल्या चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प', म्हणजे गुप्त लिहिण्या-बोलण्याची कला आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. (ग्रंथाचं नाव निघालं की लोक भलतंच हसतात, आणि हे राहून जातं.) यशोधराच्या जयमंगला टीकेत तिचे प्रकार दिलेत. त्यातला मूलदेवीय असा: अ-क, ख-ग, घ-ङ, च-ट, ञ-ण, त-प, न-म, य-श, र-ष, ल-स. जोडीतलं एक अक्षर आलं की दुसरं लिहायचं. बाकीची अक्षरं आणि मात्रा जशाच्या तशा. मालेगावचं नासेखाव, मानोऱ्याचं नामोषा, वाशिमचं वायिन! आणि नासेखाववर पुन्हा तीच कृती केली की मालेगाव हजर. उलगडायला वेगळी किल्लीच नाही.

मग हिशेब मांडला. वीस अक्षरांच्या दहा जोड्या किती तऱ्हांनी लागतील? पहिल्या अक्षराला जोडीदार १९, ती जोडी बाजूला काढली की पुढच्याला १७, मग १५... गुणाकार आला ६५ कोटी ४७ लाख २९ हजार ७५. कोण माईचा लाल फोडणार?

भाचीपुढं कागद टाकला. जोड्या दाखवल्या नाहीत. आपले तालुके आहेत, एवढंच म्हटलं. मात्रांवरून बोट फिरवत ती म्हणाली, "मामा, हे त मालेगाव हाय!" काना, मात्रा, काना, शेवटी मोकळं अक्षर: सहा तालुक्यांत असं दुसरं नावच नाही. त्यासरशी म-न, ल-स, ग-ख या जोड्या उघड्या पडल्या. मानोऱ्यात मग उरला फक्त र. पासष्ट कोटी किल्ल्या, आणि चहा निवायच्या आत खेळ खलास!

पुढचं तर याहून भारी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या एनिग्मा या गुप्तलेखनाच्या यंत्राला तारांचा एक फलक असे. त्यावर सहसा दहा तारा, म्हणजे वीस अक्षरांच्या दहा जोड्या. उरलेली सहा अक्षरं जशीच्या तशी. दहाच! योगायोग आहे, मान्य, तरी अंगावर काटा आला. फलकामागं फिरती चाकं असत आणि दर अक्षरागणिक जोड्या बदलत, म्हणून ते कैक पटींनी अवघड. पण लिहायची आणि उलगडायची कृती तिथंही एकच. आणि ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडणाऱ्या केंद्रातली अ‍ॅलन ट्युरिंग वगैरे मंडळी त्यात शिरली ती भाचीच्याच वाटेनं: मजकुरात 'हवामान'सारखा एखादा शब्द असणारच, हे धरून. वर त्या यंत्रात कुठलंही अक्षर स्वतःच्या जागी स्वतः कधीच येत नसे, त्यामुळं चुकीचा अंदाज पुष्कळदा लगेच उघडा पडे.

भाची आता मात्रांच्याही जोड्या लावतेय. कान्याची वेलांटी, मात्रेचा काना-मात्रा. नासेखावचं झालं निसोखिव. पण पहिल्या आणि तिसऱ्या अक्षराला खूण एकच राहिली ना! म्हणजे हेही फुटणार.